तिसऱ्या सिलिंडरमधला डाग

माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर, वरच्या कडेपासून चार सेंटिमीटर आत, तुरीच्या डाळीएवढा एक तांबूस डाग आहे. त्यावरून बोट फिरवलं तर नख किंचित अडतं. खोली मोजली तर मिलिमीटरच्या पाव भागाहून थोडी जास्त भरते. एवढ्याशा खड्ड्यापाशी आज सकाळपासून एका गाडीचं नशीब अडून बसलं होतं.

मित्रांनो, मी एक जुना इंजिन ब्लॉक आहे. मोटारीचं बॉनेट उघडलं की तुम्हाला नळ्या, तारा, पंखा असं बरंच काही दिसतं. त्या सगळ्यांच्या खाली जो काळा, जड ठोकळा असतो आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो मी. माझ्या पोटात चार गोल विहिरी आहेत. त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यांत पिस्टन खाली-वर धावतात आणि त्यांच्या धावण्यावर गाडीची चाकं फिरतात. आत सारखा जाळ असतो, म्हणून या विहिरींच्या भोवती पाणी खेळायला पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. बाहेरून मी साधा दिसतो, पण आतून बराच गुंतागुंतीचा आहे.

माझा जन्म वाळूत झाला. ओलसर वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि मी आकाराला आलो. त्याआधी मी काय होतो ते मला ठाऊक नाही. एखादी कढई असेन, एखादा विळा, किंवा कुणाच्या तरी विहिरीवरचा रहाट. ओतल्याबरोबर मला कापायला घेतलं नाही. कित्येक दिवस नुसतं पडू दिलं. लोखंड घाईने निवलं की त्याच्या आत ताण राहतो, आणि तो ताण पुढे कधीतरी दगा देतो. लोणच्यासारखं लोखंडालाही मुरू द्यावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच बेतलेली आहे.

माझी उमेदीची वर्षं कल्याणात गेली. धोंडीबा नावाच्या माणसाच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत मी बसलो होतो. स्टेशनाबाहेरून भिवंडी, टिटवाळा, मुरबाड असे आमचे फेरे चालत. बाळंतपणाला निघालेल्या बायका, परीक्षेला उशीर झालेली मुलं, एकदा तर शिलाई मशीन आणि पाच माणसांचं अख्खं बिऱ्हाड मी वाहून नेलं. धोंडीबा रोज सकाळी बॉनेटवर तळहात ठेवून म्हणायचा, “बोल, काय म्हणतोस?” मग माझा आवाज नीट ऐकून घ्यायचा. तेल काळं पडायच्या आत बदलायचा. त्याची आणखी एक सवय होती. उन्हाळ्यात मी तापलो आणि काटा लालवर गेला, की तो गाडी सावलीला लावायचा, बॉनेट उघडायचा आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचा. प्रवासी आरडाओरडा करायचे. धोंडीबा बशीत चहा ओतून सावकाश प्यायचा. एवढं झाल्यावरच तो पाण्याला हात लावायचा.

धोंडीबाने म्हातारपणी टॅक्सी मोडली. बाकीचं लोखंड वजनावर गेलं. मला मात्र विठ्ठलवाडीच्या तानाजी मिस्त्रींनी आपल्या गॅरेजमध्ये नेलं. “ह्यो कामाला येईल कवातरी,” असं ते म्हणाले. ते ‘कवातरी’ अकरा वर्षं आलं नाही. मी शेडच्या कोपऱ्यात दोन फळ्यांवर, एका कुशीवर कललेला पडून राहिलो. कुणी माझ्यावर बसून डबा खायचं, कुणी माझ्या पाठीवर वाकडा पत्रा ठेवून ठोकायचं.

वर्षातला एक दिवस मात्र माझा असायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गॅरेजमधली सगळी हत्यारं धुऊन-पुसून लाल कापडावर मांडत. पाने, जॅक, हातोडे. तानाजी मिस्त्री मूळचे साताऱ्याकडचे. रीतीला पक्के. हत्यारांना हळद-कुंकू वाहिलं की ते माझ्याकडे वळत, मला झेंडूची माळ घालत आणि माझ्या कोपऱ्यावर नारळ फोडत. नारळाचं पाणी माझ्या अंगावरून ओघळायचं. सगळे हात जोडायचे. मला धन्य वाटायचं. त्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळे, आणि मला मिळे ते पाणी. ते कुठे जातं हे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी शेडमध्ये एक पांढरी पद्मिनी ओढून आणली गेली. ती ठाण्याच्या बाळकुममधल्या आनंद आणि नीला दाबके यांची. आनंदकाका एका रासायनिक कारखान्याच्या बॉयलर विभागात एकतीस वर्षं होते. नीलाकाकू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. गाडी घेतली काकांनी, पण रोज चालवली काकूंनी. बाळकुमहून कळव्याला, खाडीपुलावरून, पंचवीस वर्षं. तरी काका तिला नेहमी ‘माझी गाडी’ म्हणत.

गाडीचं इंजिन खोललं तेव्हा तिचा ब्लॉक तडकलेला निघाला. त्याला माझ्या शेजारी आणून ठेवलं. वयाने तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला थोरला म्हणतो. “रेडिएटर फुटला, पाणी गळून गेलं आणि तापून तडकला,” असं काकांनी सांगितलं. तानाजी मिस्त्री “असंल, असंल,” म्हणाले आणि टेबलावरचा रेडिएटर त्यांनी हळूच फडक्याने झाकला. त्यांनी असं का केलं हे मला तेव्हा कळलं नाही.

काका म्हणाले, “वेल्डिंग करा. माझ्या गाडीत माझाच ब्लॉक बसला पाहिजे.” तानाजींची मुलगी ऐश्वर्या हिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि डोंबिवलीच्या एका वर्कशॉपमध्ये सहा वर्षं ब्लॉक बोअर करण्याचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून किंचित कापून गुळगुळीत करण्याचं काम केलं आहे. तिने समजावलं की तडा दोन सिलिंडरांच्या मधून खालपर्यंत गेला आहे, वेल्डिंग टिकणार नाही. तरी काकांच्या हट्टापायी केलं. पाण्याच्या दाबावर तपासलं आणि थोरला पुन्हा पाझरला. मग दुसरा ब्लॉक शोधायची वेळ आली. काका यायचे, बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. “पुढच्या महिन्यात ठरवू.” असे चोवीस महिने गेले. पद्मिनी विटांवर उभी राहून वाट बघत होती.

आता मात्र वाट बघायला जागाच उरली नव्हती. विठ्ठलवाडीची शेड रिकामी करायची आहे. ऐश्वर्याने डोंबिवलीला नवी जागा घेतली आहे, पण ती लहान आहे. ज्या गाडीचं काम ठरलं आहे तीच तिकडे जाणार. बाकी सगळं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भंगारवाल्याच्या टेम्पोत. बाळकुमच्या सोसायटीनेही पत्र दिलं होतं की बंद गाडी आवारात आणू नये. म्हणजे आजच्या खंडेनवमीला काका मला बसवायला ‘हो’ म्हणाले नाहीत, तर पद्मिनी, थोरला आणि मी, तिघेही एकाच टेम्पोत.

सकाळी तानाजी मिस्त्री नारळ घेऊन माझ्यापाशी आले. हात वर गेला.

“पप्पा, थांबा! त्याच्यावर नका फोडू!” ऐश्वर्या धावत आली.

“का गं? अकरा वर्सं फोडतोय. मान हाय त्याचा.”

“मानच नडलाय त्याला. इकडं बघा.” तिने टॉर्च माझ्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये धरला. “हे काय आहे?”

“गंज हाय. लोखंडाला गंज येनारच की.”

“मग बाकीच्या तिघांना का नाही आला? नारळ कुठल्या कोपऱ्यावर फोडता तुम्ही? ब्लॉक कललेला आहे, पाणी सगळं ह्याच्यातच उतरतं.”

मिस्त्रींनी हातातल्या नारळाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणीतरी त्यांच्या हातात दिला होता. मग टॉर्च घेऊन ते वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“म्या पूजा केली गं त्याची,” ते हळूच म्हणाले.

“पूजा केली, पप्पा. पुसलं नाही.”

मिस्त्रींनी नारळ उंबऱ्याबाहेरच्या दगडावर फोडला. परत आले ते तेलात बुडवलेलं फडकं घेऊन. माझ्या चारही विहिरी त्यांनी आतून पुसल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला तेल लागलं. हळद-कुंकवाचा मला राग नाही, मित्रांनो. पण त्या फडक्याचं सुख वेगळंच होतं.

अकराच्या सुमारास काका-काकू आले. काकांनी टॉर्च घेतला, डाग पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बघ! मी म्हणत नव्हतो? भंगारातला माल. याला खड्डा पडलाय.”

“काका, एकाच सिलिंडरला आहे,” ऐश्वर्या म्हणाली. तिने सिलिंडरची आतली रुंदी मोजायचं बोअर गेज लावून घेतलेली मापं वहीतून वाचून दाखवली. “बाकीचे तीन पुढच्या मापाला बोअर केले की एकदम क्लीन होतील. ह्याला मी स्लीव्ह बसवते. म्हणजे आतून नवी भिंत. झीज बघा ना, चारही सिलिंडरची जवळजवळ सारखी आहे. कुणीतरी जीव लावून चालवलेला ब्लॉक आहे हा.”

“आणि आरसी बुकातला इंजिन नंबर?”

“आरटीओत अर्ज करायचा, बदलून मिळतो. मागच्या वेळी पण सांगितलेलं मी.”

“पण याला तडा नसेल कशावरून?”

ऐश्वर्याने वही मिटली. “काका, दोन वर्षांत तीन ब्लॉक नाकारलेत तुम्ही. एक तर रंग आवडला नाही म्हणून! गाडीच्या आत बसणार होता तो. कोण बघणार होतं त्याचा रंग?”

नीलाकाकूंनी पर्समधून खडूचा तुकडा काढला.

“अजून खडू बाळगतेस?” काका म्हणाले.

“शिकवणं सुटलं, खडू सुटला नाही. ऐश्वर्या, थोडं डिझेल दे गं. दोन्ही ब्लॉकांना लावू. तडा आहे की नाही ते खडूलाच सांगू दे.”

हा प्रयोग साधा आहे. डिझेल फार पातळ असतं. ते केसाएवढ्या फटीतही शिरतं. पृष्ठभाग पुसून कोरडा केला आणि वर खडूची पूड लावली, की फटीत लपलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. काकूंनी आम्हा दोघांना डिझेल लावलं, थांबल्या, पुसलं, आणि खडू घासून तळहाताने पूड पसरली. मग घड्याळ बघत स्टुलावर बसल्या. मी घाबरलो होतो. आपल्या आत काय आहे हे आपल्याला तरी कुठे पूर्ण ठाऊक असतं?

दहा मिनिटांनी थोरल्याच्या अंगावर वीतभर काळी रेघ उमटली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधून निघून ती खाली उतरत गेली होती, वेल्डिंगच्या टाक्याला वळसा घालून.

माझी पूड पांढरीच राहिली.

“टॅक्सीचा ब्लॉक, आणि इतकी वर्षं तापून तडा नाही?” काका पुटपुटले. “कसं शक्य आहे?”

“शक्य हाय, साहेब,” तानाजी मिस्त्री म्हणाले. “धोंडीबाला मी वळखत होतो. त्याची गाडी तापली की तो चा प्यायला बसायचा. पाशिंजर शिव्या घालायचं. ह्यो आपला बशीतनं फुर्र फुर्र. इंजिन निवल्याबिगर पान्याचा थेंब टाकायचा न्हाई. शाळा चौथी. पन लोखंडाचं त्याला कळायचं.”

काका खाली बसले. समोर थोरल्याची काळी रेघ होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आम्ही चहा नाही प्यायलो,” ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. काकू मात्र त्यांच्याकडे पाहत होत्या.

“श्रियाच्या केळवणाला कल्याणला चाललो होतो. आमची पुतणी. मे महिना, दुपारचे साडेबारा. कोनगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि काटा लालवर गेला. मागच्या सीटवर थर्माकोलच्या खोक्यात पाच किलो श्रीखंड होतं, बर्फात ठेवलेलं. नीला म्हणाली, अर्धा तास थांबा, गार होऊ दे. मी म्हटलं, श्रीखंड विरघळेल, पंगत खोळंबेल.” काका थांबले. “आणि मी त्या खोक्यातलं बर्फाचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.”

ऐश्वर्याच्या तोंडून “अरे देवा” निघून गेलं.

“एकतीस वर्षं बॉयलरवर काढली मी. तापलेल्या लोखंडावर थंड पाणी घालू नका, हे शिकवण्याचा मला पगार मिळायचा. पोरांना सांगायचो, गरम काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलंत तर काय होतं? तडकतो. एक भाग आक्रसतो, शेजारचा आक्रसत नाही, आणि मधलं फाटतं. आणि मी...” त्यांनी थोरल्यावर हात ठेवला. बोटांना खडूची पूड लागली. “रेडिएटर फुटला नव्हता.”

“ठाव हाय, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “रेडिएटर शाबूत होता. म्या बघितलाय. पन तुमी सांगत व्हता, तर कशाला बोला?”

“टक्क असा आवाज झाला होता,” काकू म्हणाल्या. “मी ऐकला.”

काका चमकले. “तू ऐकलास? आणि दोन वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?”

“मी बोलले असते तर तुम्ही वाद घातला असता. ते तुमच्याच तोंडून यायला हवं होतं.” मग त्या थोड्या हसल्या. “मला राग तड्याचा नव्हता हो. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या एका चुकीला जपण्यासाठी तुम्ही गाडी दोन वर्षं विटांवर ठेवलीत. मला ती परत चालवायची आहे. नुसती बघायची नाही.”

ऐश्वर्याने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “काकू, पण श्रीखंडाचं काय झालं?”

“पातळ झालं. पियूष म्हणून वाढलं. व्याही म्हणाले, पियूष फार सुरेख झालंय.”

आधी हसले ते तानाजी मिस्त्री. मग ऐश्वर्या. शेवटी काकाही हसले, आणि हसता हसता त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

मिस्त्रींनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. काकांनी आपला चहा बशीत ओतला. ते असं कधी करत नसत. ते सावकाश, फुर्र आवाज करत चहा पीत राहिले आणि कुणीही त्यांना घाई केली नाही.

मित्रांनो, तो चहा संपेपर्यंतच्या वेळात तुम्हाला एवढंच सांगतो. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही. तानाजी मिस्त्रींनी मला प्रेमाने नारळाचं पाणी दिलं, त्याने मला गंज चढला. आनंदकाकांनी आपल्या गाडीवर जीव टाकला आणि घाईच्या एका क्षणी तिचं काळीज तडकवलं. वस्तूला नुसतं प्रेम पुरत नाही. तिला काय सोसतं आणि काय सोसत नाही, हे माहीत करून घ्यावं लागतं. तुमच्या सायकलची साखळी असो, आजीची जुनी शिलाई मशीन असो, की खिडकीतली कुंडी असो. तिला हार घालू नका, तिला पुसा. तापली असेल तर निवू द्या. आणि हातून बिघडलीच, तर “माझ्याकडून बिघडली” असं लवकर सांगून टाका. तडा पडलेलं लोखंड पुन्हा वितळून दुसरं काहीतरी होतं. थोरल्याचंही होईल, कदाचित कढई, कदाचित रहाट. पण झाकून ठेवलेल्या चुकीपायी चांगली वस्तू विटांवर उभी राहते आणि तिच्यासोबत घरातलं एक माणूस वाट बघत राहतं.

काकांनी रिकामी बशी खाली ठेवली. ते उठले आणि माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. धोंडीबा बॉनेटवर ठेवायचा ना, तसाच. हात ऊबदार होता. बाहेर उन्हात पांढरी पद्मिनी विटांवर उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि चोवीस महिने टाळलेलं वाक्य मोठ्याने म्हणाले:

“ऐश्वर्या, माझा ब्लॉक वितळायला जाऊ दे. नीलाच्या गाडीत हा बसव.”